वेडी गाय, मज्जारज्जू आणि प्रयोगशाळेची साक्ष



‘मॅड काऊ’ हा शब्द आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेला आहे. १९९६ साली तो रोज वर्तमानपत्रात येत होता. ब्रिटनमधल्या गायींना वेड लागले आणि तिथे लाखो जनावरे मारावी लागली, एवढे बहुतेकांच्या लक्षात राहिले. परंतु या प्रकरणातला एक भाग आपल्याकडे फारसा सांगितला गेला नाही. गायीचा मेंदू आणि मज्जारज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारा पांढरा दोर, माणसाच्या अन्नात येऊ नये असा कायदा झाला. मग खिम्यात किंवा सॉसेजमध्ये तो आला आहे की नाही, हे ओळखायचे कसे? त्यासाठी प्रयोगशाळेत खास तपासण्या बसवाव्या लागल्या. त्या काय सांगतात, काय सांगत नाहीत, हे आज पाहू.

तुम्ही म्हणाल, “साहेब, आम्ही माळकरी माणसं, आम्हाला मांसाचं काय सांगता?” प्रश्न बरोबर आहे. तरीही ज्याच्या दावणीला एखादे तरी जनावर आहे त्याने हे वाचावे. कारण या संकटाची सुरुवात कत्तलखान्यात झाली नव्हती, ती गव्हाणीत झाली होती.

गव्हाणीतून ताटात

नोव्हेंबर १९८६ मध्ये इंग्लंडमधील वेब्रिज येथील केंद्रीय पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत काही गायींच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. मेंदूत स्पंजासारखी बारीक भोके पडलेली होती. या गायी दचकायच्या, लाथा झाडायच्या, चालताना मागचा भाग लटपटायचा आणि शेवटी बसायच्या त्या उठायच्याच नाहीत. या रोगाला ‘बोव्हाइन स्पॉन्जिफॉर्म एन्सेफॅलोपथी’, थोडक्यात बीएसई, असे नाव मिळाले.

रोग पसरला कसा? तिकडे कत्तलखान्यातला टाकाऊ भाग शिजवून, वाळवून, दळून त्याची मांस-हाडांची भुकटी करीत. तिच्यात प्रथिने भरपूर आणि दर कमी. म्हणून ती दुभत्या गायींच्या आणि वासरांच्या खुराकात मिसळली जाई. म्हणजे गवत खाऊन रवंथ करणाऱ्या जनावराला न कळत दुसऱ्या गायीचे अवशेष खाऊ घातले जात होते. आजारी गायीचा मेंदू त्या भुकटीत गेला की रोग पुढच्या गोठ्यात पोचे.

रोगाचे कारण जंतू नाही, विषाणूही नाही. ते आहे ‘प्रायॉन’, म्हणजे शरीरातलेच एक प्रथिन ज्याची घडी चुकलेली असते. हे बिघडलेले प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनाचीही घडी बिघडवते. ते साध्या शिजवण्याने नष्ट होत नाही. दूध उकळले की जंतू मरतात, तो हिशेब इथे चालत नाही.

जुलै १९८८ मध्ये ब्रिटनने रवंथ करणाऱ्या जनावरांना अशी भुकटी घालण्यास बंदी केली. पण रोग अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी चार-पाच वर्षे जातात. त्यामुळे बंदीनंतरही आकडा वाढतच गेला. १९९२ या एका वर्षात ३६ हजारांहून अधिक गायी सापडल्या. ब्रिटनमधली एकूण संख्या १ लाख ८० हजारांच्या वर गेली.

२० मार्च १९९६ रोजी ब्रिटनचे आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत निवेदन केले. माणसांत मेंदूचा एक नवा प्राणघातक आजार दिसला असून त्याचा संबंध बीएसईशी असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, असा त्याचा आशय होता. पुढे या आजाराने एकट्या ब्रिटनमध्ये १७८ माणसे गेली. मृत्यूसमयीचे मध्यम वय २८ वर्षे. म्हणजे बहुतेक हाताशी आलेली पोरे. त्यावर औषध तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

कायदा झाला, दोर राहिला

बीएसई झालेल्या गायीच्या अंगात रोगकारक द्रव्य सगळीकडे सारखे नसते. त्यातले सुमारे ९० टक्के मेंदू आणि मज्जारज्जू या दोनच ठिकाणी असते. उरलेले मुख्यतः मणक्यांजवळच्या व डोक्यातल्या नसांच्या गाठींत आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात असते. निव्वळ स्नायूच्या मांसाची गोष्ट वेगळी. म्हणून नोव्हेंबर १९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा, थायमस, टॉन्सिल आणि आतडी माणसाच्या अन्नात वापरण्यास बंदी घालण्यात आली.

कायदा चांगला होता. पण तो पाळायचा कुठे? कत्तलखान्यात, वेगाने चालणाऱ्या साखळीवर, थंडीत, करवत हातात घेतलेल्या कामगाराने. धड उभे चिरताना करवत बरोबर कण्यातून जाते. मज्जारज्जू उघडा पडतो, त्याचे बारीक कण पाण्याबरोबर धडावर उडतात. मग कामगाराने तो दोर पूर्ण ओढून काढायचा. घाईत एखादा तुकडा मणक्याच्या खोबणीत राहिला तर लांबून कुणाला दिसणार?

१९९५ साली तिथे मांस तपासणीसाठी नवी राष्ट्रीय सेवा सुरू झाली. त्या वर्षी झालेल्या तपासणीत बंदीनंतर सहा वर्षांनीही काही धडांना मज्जारज्जूचे तुकडे चिकटलेले आढळले, तेही ‘तपासून पास’ असा शिक्का बसलेल्या धडांना. त्यातच ‘यंत्राने काढलेले मांस’ नावाचा प्रकार होता. सुरीने मांस काढून झाल्यावर हाडांना जे चिकटून राहते ते दाब देऊन, चाळणीतून गाळून काढायचे. त्याचा जो लगदा निघतो तो स्वस्त बर्गर आणि सॉसेजमध्ये जाई. कणा त्या यंत्रात गेला की खोबणीतला दोरही लगद्यात गेलाच म्हणून समजा. डिसेंबर १९९५ मध्ये गायीच्या कण्यापासून असे मांस काढणे बंद करण्यात आले. त्याच वर्षी बंदी असलेले अवयव निळ्या रंगाने रंगवण्याचाही नियम झाला, जेणेकरून ते चुकूनही खाण्याच्या मालात मिसळू नयेत.

धडावर राहिलेला तुकडा निरीक्षकाच्या डोळ्याला दिसतो. एकदा खिमा झाला, मसाला पडला, सॉसेज भरले, की डोळ्याचे काम संपले. तिथून प्रयोगशाळेचे काम सुरू होते.

रोग नाही, अवयव शोधायचा

आता नीट लक्ष द्या, कारण इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. प्रयोगशाळा खिम्यामध्ये रोग शोधत नाही. बीएसईची तपासणी मेलेल्या किंवा कापलेल्या जनावराच्या मेंदूच्या देठाचा तुकडा घेऊन करतात. आजार बराच पुढे गेला असेल तरच ती सापडते. कोवळ्या वयात लागण झालेले जनावर त्या तपासणीत सुटू शकते. मांसाच्या पाकिटात प्रायॉन शोधत बसणे तर व्यवहारात जमणारे नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला. “यात रोग आहे का?” असे न विचारता “यात मेंदू किंवा मज्जारज्जू आहे का?” असे विचारले. तो मिळाला तर कायदा मोडला, मग जनावर आजारी असो वा नसो. आपल्या दूध संकलन केंद्रावर असेच चालते. दुधात घातलेले पाणी गढूळ होते की स्वच्छ, हे तिथे कुणी विचारत नाही. पाणी निघाले की दूध परत.

मेंदूची खूण कोणती? मेंदूत आणि मज्जारज्जूत ताऱ्याच्या आकाराच्या आधार देणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यात ‘ग्लायल फिब्रिलरी ॲसिडिक प्रोटीन’, म्हणजे जीएफएपी, नावाचे प्रथिन भरपूर असते. स्नायूच्या मांसात ते जवळपास नसते. खिम्यात हे प्रथिन ठरावीक पातळीवर सापडले की त्यात मज्जासंस्थेचा भाग मिसळला आहे असे समजते. ते शोधण्याच्या मुख्य पद्धती अशा :

१) सूक्ष्मदर्शकाची पद्धत. मांसाचे अतिशय पातळ काप घेऊन त्यावर जीएफएपीलाच चिकटणारे रंगद्रव्य सोडतात. मज्जारज्जूचा कण असेल तर तो रंगून उठतो. काम सावकाश, नजर तयार असलेला माणूस हवा, पण काय दिसले ते डोळ्यांनी दाखवता येते.

२) एलायझा. हे नाव तुम्ही माणसांच्या रक्ततपासणीत ऐकले असेल. मांसाचा अर्क छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये घालतात. जीएफएपी असेल तर रंग येतो, जास्त असेल तर गडद येतो. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये मांसासाठी अशी पद्धत प्रसिद्ध केली. पुढे तिचे तयार संचही बाजारात आले. एका दिवसात पुष्कळ नमुने होतात.

३) मेदाम्लांची पद्धत. मेंदूच्या चरबीत नर्व्हॉनिक आम्लासारखी काही मेदाम्ले विशेष प्रमाणात असतात. गॅस क्रोमॅटोग्राफी या यंत्राने ती वेगळी करून मोजतात. त्यावरून मेंदू गायीचा, मेंढीचा की डुकराचा याचा आणि जनावराच्या वयाचाही अंदाज बांधता येतो. जर्मनीत या पद्धतीवर बरेच काम झाले.

४) पीसीआर. कोरोनाच्या काळात हा शब्द घरोघरी पोचला. इथे जीएफएपी तयार करण्याचा पेशीतला संदेश शोधतात. त्यावरून अवयव आणि जनावराची जात, दोन्ही एकदम कळू शकतात.

जात आणि वय कशाला हवे? कारण बंदी सगळ्याच मेंदूवर नव्हती. जर्मनीत ‘ब्रेगनवुर्स्ट’ नावाच्या सॉसेजमध्ये पूर्वी डुकराचा मेंदू घालण्याची रीतच होती. डुकराच्या मेंदूला मनाई नाही. युरोपच्या नियमात गायीचा मेंदू आणि मज्जारज्जू १२ महिन्यांवरील जनावराचा असेल तर निषिद्ध धरतात. साध्या एलायझाला गाय आणि डुक्कर यांतला फरक नीट सांगता येत नाही. म्हणून एक तपासणी संशय दाखवते, दुसरी खात्री करते.

अमेरिकेतले आकडे

तपासणीने काय उघडे पडते, याचे उदाहरण अमेरिकेत मिळाले. तिथे हाडावरचे मांस काढणारी सुधारित यंत्रे वापरात होती. ती हाड चिरडत नाहीत, फक्त मांस खरवडून घेतात, त्यामुळे निघणारा माल शुद्ध मांसच असतो, असा दावा होता. तिथल्या कृषी खात्याच्या अन्नतपासणी सेवेने २००२ साली या मालाचे सर्वेक्षण केले. ३४ कारखान्यांपैकी २५ कारखान्यांच्या मालात मज्जारज्जू किंवा त्याच्या मुळाशी असलेल्या नसांच्या गाठी सापडल्या. नमुन्यांच्या हिशेबाने २५६ पैकी ८९.

त्या वेळी अमेरिकेत बीएसईची एकही गाय सापडलेली नव्हती. त्यामुळे फार गडबड झाली नाही. डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात पहिली गाय सापडली आणि जानेवारी २००४ मध्ये नियम तातडीने कडक झाले. यंत्राने काढलेल्या गोमांसात मज्जासंस्थेचा अंश असता कामा नये, ३० महिन्यांवरील जनावराचा कणा आणि कवटी यंत्रात घालायचीच नाही, असे ठरले. प्रयोगशाळेने आधीच सांगून ठेवले होते, ऐकायला मात्र एक आजारी गाय लागली.

जर्मनीतही तसेच. “आमच्याकडे बीएसई नाही” असे तिथे सांगितले जात होते. नोव्हेंबर २००० मध्ये तिथे जन्मलेल्या गायीत रोग निघाला आणि जानेवारी २००१ मध्ये कृषिमंत्री आणि आरोग्यमंत्री या दोघांनाही राजीनामे द्यावे लागले.

नमुन्यात असेल तरच तपासणीत येईल

माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा, हे आपल्या मेळाव्यांत आम्ही नेहमी सांगतो. बांधाजवळची माती नको, खताच्या ढिगाखालची नको, शेतात नागमोडी चालत बऱ्याच ठिकाणची घ्या, सगळी एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका. का? कारण प्रयोगशाळेत जाते अर्धा किलो माती आणि निर्णय होतो एकरांचा.

मांसाचेही तेच आहे. हजार किलो खिम्यात मज्जारज्जूचा बोटभर तुकडा गेला तर तो सगळीकडे सारखा पसरेलच असे नाही. एका पाकिटात असेल, शेजारच्या नव्वद पाकिटांत नसेल. म्हणून नमुना पुष्कळ ठिकाणचा आणि वारंवार घ्यावा लागतो. ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘या नमुन्यात सापडले नाही’ एवढाच.

दुसरी मर्यादा मोजमापाची. चांगली एलायझा सुमारे ०.१ टक्क्यापर्यंत मज्जासंस्थेचा अंश पकडते. म्हणजे किलोला एक ग्रॅम. ऐकायला हे फार बारीक वाटते. पण आजारी गायीचा एक ग्रॅमपेक्षा कमी मेंदू वासराच्या पोटात गेला तरी त्याला रोग होऊ शकतो, हे ब्रिटनमधल्या प्रयोगांत दिसलेले आहे. म्हणजे जिथे तपासणीची नजर संपते, तिथे धोका संपतोच असे नाही.

तिसरी मर्यादा शिजवण्याची. जास्त तापवलेल्या, डबाबंद मालात जीएफएपीचा आकार बदलतो आणि तपासणीला तो कमी सापडतो. प्रायॉन मात्र त्याच तापमानात टिकून राहतो. चौथी गोष्ट अशी की नसांमध्येही जीएफएपी थोडे असते, म्हणून किती प्रमाणाच्या वर दोष धरायचा याची रेषा जपून आखावी लागते. नाहीतर निर्दोष माणूस अडकतो.

मग या तपासणीचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. कत्तलखान्यात दोर नीट काढला जातो की नाही, करवत धुतली जाते की नाही, कण्याची हाडे यंत्रात जातात की नाही, याचा ती बोलका पुरावा आहे. नमुना पुन्हा पुन्हा दोषी निघाला तर त्या कारखान्याच्या कामातच खोट आहे, हे लपत नाही. पण माणसाला वाचवते ते दोर काढणारे हात आणि त्याआधी जनावराला खुराक घालणारे हात. प्रयोगशाळा साक्ष देते, राखण करत नाही.

आपल्या दावणीपुरते

भारतात बीएसईची नोंद झालेली नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताला या रोगाचा नगण्य धोका असलेल्या देशांत स्थान दिले. आपले जनावर कडबा, हिरवा चारा, सरकी आणि शेंगदाणा पेंड यांवर पोसले जाते, हे आपले मोठे संरक्षण आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही कोंबडी, डुक्कर आणि मासे सोडून इतर दुभत्या व मांसासाठीच्या जनावरांना गाय-म्हैस किंवा डुकराच्या मांस-हाडांचे पदार्थ असलेले खाद्य घालण्यास मनाई केलेली आहे.

एका गावच्या बैठकीत एकाने विचारले होते, “मग बोकडाचा भेजा खातो त्याचं काय?” घाबरण्याचे कारण नाही. युरोपातली बंदी तिथल्या रोगामुळे आणि तिथल्या खुराकामुळे आली. रानात चरणाऱ्या आपल्या शेळीला ती भुकटी मिळत नाही, आणि इथे बीएसई आढळलेला नाही. ही स्थिती टिकवणे मात्र आपल्याच हातात आहे. त्यासाठी एवढे करा :

१) पशुखाद्याच्या पोत्यावर काय काय घातले आहे ते वाचा. छापील मजकूर नसलेले, सुटे, फार स्वस्त खाद्य घेऊ नका. दुकानदाराला विचारायला लाजू नका, आणि पावती घ्या.

२) कोंबड्यांचे खाद्य गायी-म्हशींना किंवा शेळ्यांना घालू नका. कोंबडी खाद्यात प्राणिज प्रथिने असू शकतात. ब्रिटनमध्ये बंदीनंतर जन्मलेल्या ४० हजारांहून अधिक गायींना रोग झाला. एकाच गिरणीत डुक्कर-कोंबडीचे आणि गायींचे खाद्य तयार होत असल्याने झालेली मिसळ, हे त्याचे मोठे कारण होते.

३) हाडांचे खत फळबागेला जरूर वापरा, पण त्याची पोती खुराकाच्या खोलीत ठेवू नका. रिकामे झालेले पोते पेंड भरायला घेऊ नका. खत टाकल्यावर मातीने झाका.

४) जनावर हाडे चघळते, माती चाटते, चिंध्या खाते, म्हणजे बहुधा स्फुरदाची आणि क्षारांची कमतरता आहे. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने खनिज मिश्रण सुरू करा.

५) मोठे जनावर लटपटत असेल, विनाकारण दचकत असेल, स्वभाव बदललेला असेल तर दवाखान्यात कळवा. कारण बहुतेक वेळा दुसरे असते, पिसाळीही असू शकते. म्हणून तोंडात हात घालू नका. मेले तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा.

मे २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या एअरशायर भागात एका गायीत बीएसईचा आपोआप उद्भवणारा प्रकार सापडला. ती गाय अन्नसाखळीत शिरण्याआधीच सापडली, कारण मेलेल्या जनावरांची तपासणी तिथे आजही चालू आहे. इतकी माणसे आणि लाखो जनावरे गमावून शिकलेला धडा त्या देशाने सोडलेला नाही. आपल्याला तो फुकट मिळाला आहे. पुढच्या बाजाराला खुराकाचे पोते घ्याल, तेव्हा गाडीत टाकण्याआधी त्यावरचा मजकूर एकदा वाचून घ्या.